हुरड्याच्या वासाची वाट

१९७४ सालच्या नाताळच्या सुट्टीत बालाघाटच्या डोंगरातल्या एका गुहेत सोलापूरचे आम्ही तिघे मित्र वाट चुकलो. चौथा अंधाराला भिऊन बाहेरच थांबला होता आणि गोवऱ्या पेटवून हुरडा भाजत होता. आत वाटेला फाटे फुटत होते, वटवाघळांच्या घाणीचा उग्र दर्प होता. पुढे चालणाऱ्याने आमच्यातल्या विणकराच्या मुलाकडून सुताची कांडी मागून घेतली होती. कशाला, ते सांगितलं नव्हतं. सुताचं टोक गुहेच्या तोंडाशी दगडाखाली दाबून तो सूत सोडत निघाला. मधे मी, शेवटी विणकराचा मुलगा. बॅटरी मंदावली तेव्हा पुढचा म्हणाला, “चला, आता सूत धरून माघारी.” मागून उत्तर आलं, “कुटलं सूत? सगळं गुंडाळत आलो की! मातीत लोळू देतात व्हय? बाप घरात घेईल का मला?” बॅटरी विझली. भिंत चाचपत उभे असताना डावीकडच्या फाट्यातून हुरड्याचा वास आला. वास वाढेल तिकडे सरकत आम्ही उजेडात पोचलो. “लई लवकर आला की,” चौथा म्हणाला, “अजून कच्चा हाय.” हुरड्याच्या वासाने मला आजही हायसं वाटतं. ते सूत पुढच्या आठवड्यात एका चादरीत विणलं गेलं.