फॉर्मवर मशेरी नव्हती

आमच्या घरात भात पुरत नसे तेव्हा आई मशेरी लावायची. शहरातल्या वाचकाला हे लगेच कळणार नाही, म्हणून सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरून पूड करायची आणि बोटानं ती दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. म्हणायला दात घासणं. पण मशेरी लावली की भूक मरते.

वेल्हे तालुक्यात पासली गावाच्या वर डोंगराला टेकून आमची वाडी आहे. उताराची चार खाचरं, त्यात पिकेल तेवढा भात. वडील दुसऱ्यांची गुरं वळायचे. लावणीचे दिवस आले की कणगीचा तळ दिसायचा. आई वडिलांना वाढायची, मला आणि भावाला वाढायची, पातेलं खरवडायची आणि पावडरीचा जुना डबा घेऊन मागच्या दारात बसायची.

"आये, तू जेव की."

"जेवते गं. आदी मशेरी लावू दे."

ती लावून झाली की आई जेवायचीच नाही. आईला मशेरीची आवड आहे, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती.

मी वेल्ह्याच्या शाळेत शिकले, पुढे भोरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. माझ्याआधी आमच्या भावकीत कुणी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते.

पदवीनंतर मला पहिलं काम लागलं ते एका आरोग्य अभ्यासात. तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास होता. भोर आणि वेल्हे तालुक्यातल्या गावांत घरोघर जाऊन फॉर्म भरायचे. आमच्यावर देखरेख करायला एक सर होते, पुण्याहून यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं. सगळ्यांचं तोंड तपासायला डॉक्टर पुरत नाहीत. म्हणून आधी कोणाला धोका जास्त आहे ते फॉर्मवरून ठरवायचं आणि त्यांना तपासायचं. कोणत्या भागात कोणाची तपासणी कायमची सुरू करायची, हे पुढे याच आकड्यांवरून ठरणार. मला ते फार पटलं. डॉक्टर मनाला येईल तसं ठरवत नाहीत, आधी मोजतात, मग ठरवतात, आणि त्या मोजण्यात आता माझा हात होता. शिवाय सर मला "मॅडम" म्हणायचे. तोवर मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

फॉर्ममध्ये सातवा प्रश्न होता, तंबाखू खाता किंवा ओढता का. उत्तर 'नाही' आलं की पुढचं पान सोडून द्यायचं. 'हो' आलं तर त्या माणसाचं नाव तपासणीच्या यादीत.

आंबवड्यात एक मावशी उंबऱ्यावर बसून मशेरी लावत होत्या. बोट तोंडात, ओठ काळे. मी सातवा प्रश्न विचारला. मावशी बाजूला थुंकल्या आणि हसल्या.

"तंबाकू? अगं बाय, आमी काय गडीमाणसं हाय व्हय? तंबाकू खाऊन भिती रंगवायला?"

आतून सून म्हणाली, "आत्याबाई, आन हातात काय हाय मग?"

"ही व्हय? ही मशेरी. दाताची."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे तंबाखू म्हणजे चुना लावून मळायची, पुरुषांची, व्यसनाची. मशेरी बायकांची, दात घासायची. बाळंतिणीच्या डब्यातसुद्धा मशेरी जाते. तिला तंबाखू म्हणणं म्हणजे घरातल्या बाईला नाव ठेवणं. गावोगाव हेच उत्तर मिळालं. अंगठा द्यायला बायका हात पुढे करायच्या तेव्हा शाई लागायच्या आधीच बोट काळं असायचं.

आठवडाभरात मी सरांना गाठलं. नसरापूरला हायवेजवळच्या हॉटेलात ते चहा पीत होते. मी सगळं सांगितलं.

"मॅडम, निरीक्षण चांगलं आहे," ते म्हणाले. "पण प्रश्न मध्येच बदलता येत नाही. अर्ध्या बायकांना एक प्रश्न विचारला आणि अर्ध्यांना दुसरा, तर तुलना कशाची करणार? तुम्ही समासात शेरा लिहा. मी वर कळवतो."

त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटलं. अजूनही वाटतं. मोजमाप सगळीकडे सारखं हवं, हे मी कॉलेजात शिकले होते. म्हणून मी प्रत्येक फॉर्मवर 'नाही'ला खूण केली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं, मशेरी लावते. माझ्या डायरीतही तसंच उतरवलं. बायका विचारायच्या, "ह्यानं काय व्हनार?" मी म्हणायचे, "मावशी, तुमचं नाव डॉक्टरांपर्यंत जाणार." त्या माझ्या बोलण्यावर अंगठा द्यायच्या.

आमच्या वाडीचे फॉर्म मीच भरले. शेवटी आईचा.

"तंबाखू खातेस का?"

"तुला ठावं न्हाई व्हय? घोड्यावानी झाली तरी आयला इचारती."

मी हसत 'नाही' लिहिलं, शेरा लिहिला, आईचा अंगठा घेतला.

महिन्याभरानं दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आमच्या गावच्या शाळेत आले. यादी वाचली गेली. यादीत सगळे पुरुष. एकेकाला खुर्चीवर बसवून बॅटरी लावून तोंड पाहिलं. बायका लांबून बघत उभ्या होत्या. मी सरांकडे पाहिलं, ते म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात." मी बायकांना सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात.

दुसरा टप्पा आला नाही. वर्ष उलटून गेल्यावर भोरला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पोहे, चहा, आम्हा मुलींना गुलाबाची फुलं. प्रत्येकीच्या हातात अहवालाची पुस्तिका दिली. मी बायकांचं पान शोधलं. या भागातल्या बायकांमध्ये तंबाखू जवळजवळ नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी तोंडाची तपासणी सुरू करायची गरज नाही, असा त्याचा अर्थ होता. मी ते तीनदा वाचलं. शेवटच्या पानावर आभार होते, त्यात माझं नाव होतं.

सरांना जिन्यात धरलं. "सर, शेऱ्यांचं काय झालं?"

"ते कॉम्प्युटरमध्ये भरता आले नाहीत, मॅडम. शेऱ्याला रकाना नव्हता."

"तुम्ही वर कळवतो म्हणाला होता."

"हो, म्हणालो होतो," ते म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून खाली उतरले.

ते नाही म्हणाले असते, विसरलो म्हणाले असते, तर मी भांडले असते. त्यांनी ते इतक्या सहज कबूल केलं की मी हातात गुलाब घेऊन तशीच उभी राहिले.

एसटीनं, मग टेम्पोनं घरी गेले. आई जेवायला बसली होती. ताटात ताक-भात, नुसता. आमच्या आईचं ताट ठेच्याशिवाय मी कधी पाहिलेलं नाही.

"आये, ठेचा कुठंय?"

"न्हाई खात. तोंडाला झोंबतंय."

"कवापासनं?"

"शिमग्यापासनं आसंल."

मी मोबाईलची बॅटरी लावली. गालाच्या आत, खालच्या बाजूला, पांढरा डाग होता. भिंतीवर चुना वाळावा तसा, आणि एका कडेला लाल.

"इतकं दिवस सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगायचं? डाक्टर आलते की साळंत. ज्यान्ला काय हाय त्यान्ला बोलीवलं. मला न्हाई बोलीवलं. म्हनलं, म्हंजी आपलं बरं हाय." तिनं ताट बाजूला सारलं. "आन कागद तूच लिवला व्हतास की. माज्या लेकीनं लिवल्याला कागद खोटा आसंल व्हय?"

तपासणीला न बोलावणं म्हणजे तपासून बरं ठरवणं नव्हे, हे आम्ही एकाही बाईला सांगितलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. वाडीतल्या सगळ्या बायका हेच धरून चालल्या असणार.

भोरच्या दवाखान्यातून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी मिळाली. तिथं एका तरुण डॉक्टरबाईंनी आईला खुर्चीत बसवलं आणि तोंड बघायच्या आधी विचारलं, "आजी, मशेरी लावता?"

"व्हय. परकर नेसत हुते तवापासनं."

"तंबाखू?"

"छ्या! आमी न्हाई तसलं खात."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही उत्तरं कागदावर दोन वेगळ्या ओळींवर लिहिली. मी वाकून बघितलं. मशेरीची ओळ छापील होती. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मशेरीनंही असे डाग होतात आणि त्यातले काही पुढे बिघडतात, हे फार आधी अभ्यासून झालंय. म्हणून तर विचारतो."

तेव्हा मला खरा राग आला. म्हणजे हे माहीत होतं. कुणीतरी आमच्यासारख्या बायकांना आधीच विचारलं होतं, मोजलं होतं, लिहून ठेवलं होतं. आमचा फॉर्म ज्यांनी बनवला त्यांनी ते वाचायची तसदी घेतली नव्हती, आणि मी सांगितलं ते ऐकायचीही नाही. मॅडम म्हणायला तेवढे सर विसरले नाहीत.

डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस आई मला धीर देत होती. निकाल आला. कॅन्सर झालेला नव्हता, पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. डाग काढायचा, मशेरी बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

दवाखान्याच्या आवारातूनच मी सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "वाईट वाटलं, मॅडम. पण अभ्यास वेगळा आणि उपचार वेगळा, हे तुम्हाला माहीत आहे."

"सर, मग हे मला घरोघर सांगायला का नाही लावलं?"

"मी मीटिंगमध्ये आहे," ते म्हणाले.

फॉर्म भरताना अंगठा घेतलेल्या संमतीपत्राची एक प्रत आईकडे होती, पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेली. तळाशी तक्रारीसाठी अशा अभ्यासांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा पत्ता होता. मी डायरी काढली आणि पत्र लिहायला घेतलं. एकटीचं पत्र बाजूला पडेल म्हणून वाडीतल्या बायकांकडे गेले. पहिलीच गाठ चुलतीशी पडली.

"आता कशाला आलीस? अजून लिवायचं ऱ्हायलंय काय?"

"काकी, चूक झाली."

"त्या सराला आमी वळखत न्हाई. तुज्या तोंडाकडं बघून आंगठा दिलता."

चुलतीनं तवा खाली उतरवला, हात पुसले.

"आन तो कागद. आदी वाचून दाव. आन कडंला न्हाई लिवायचं या वक्ताला. मदी लिव."

मी मधोमध लिहिलं. आंबवड्याच्या मावशींनीही अंगठा दिला, त्यांच्या सुनेनं सही केली. समितीनं जुने कागदी फॉर्म काढून पाहिले, तर माझे शेरे जिथल्या तिथं होते. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. अंतर्गत तपासणीत एक त्रुटी आढळून आली आहे, असं त्यात म्हटलं होतं. आढळली कशी, कुणी दाखवली, याबद्दल एक शब्द नव्हता. बायकांची माफी नव्हती. सर दुसऱ्या कामावर गेले, एवढंच नंतर कानावर आलं. ते पत्र मी बायकांना वाचून दाखवलं नाही, फक्त आता बायकांचीही तपासणी होणार, एवढं सांगितलं.

आईच्या तोंडातला डाग काढला, तो पुन्हा आलेला नाही. तिनं मशेरी सोडली आणि ती ठेचा खाते. पुस्तिकेतलं ते पान मागे घेतलं गेलं. नव्या फॉर्मवर मशेरीचा प्रश्न वेगळा छापला आहे, आणि आमच्या वाडीतल्या प्रत्येक बाईचं तोंड डॉक्टरांनी शाळेत खुर्चीवर बसवून तपासलं.