जायफळाचा एक वेढा

माझी थोरली बहीण पुष्पाबाई पहूरला राहते. वय चौऱ्याहत्तर. गाव तिला अक्का म्हणतं. चाळीस वर्षं ती बाळंतिणींचं औषध करते. डिंक-सुंठीचे लाडू, बाळंतशेपा, शतावरी. शतावरीची मुळी चिवट. किलोभर मुळी कुटून, चाळून घ्यायला तिची अख्खी दुपार जाते. मी सावद्याला तीस वर्षं केळीचे घड ट्रकमध्ये भरले, आता तिच्याकडेच असतो. घड खाली ठेवला की खांदा मोकळा होतो. कुटताना हात थांबला तर भुकटी जाड राहते. मिक्सर आणला होता, दोनदा जळला.

गरोदर बाईला ती काहीच देत नाही. दिवस भरले, कळा येईनात, काढा दे, असं म्हणत कुणी आलं तर दारातून परत. "डॉक्टरकडे जा. हे माझं काम नाही."

मागच्या थंडीत सरदार वेल्डरची मुलगी महेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. अक्काने महेकसाठी लाडू आणि शतावरी दिली, बाळासाठी गुटीचं सामान दिलं. बाविसाव्या दिवशी महेकची आई जैनब दारात उभी.

"अक्का, शतावरी अजून दे. पोरीला दूधच नाही."

"आठ दिवसांपूर्वी अर्धा किलो नेली ना?"

"बठ्ठी संपली, चिमूटभर नाही उरली."

"म्हशीला चारली का?"

जैनब हसली नाही. तेव्हा अक्का उठली. मला म्हणाली, "निंबा, चल. बघू तर काय करू राहिली ही."

सरदारच्या घरी बाळ झोपलेलं होतं. अक्काने तळपायाला टिचकी मारली. डोळे उघडले, मिटले. महेकने छातीला लावलं. दोनदा ओढलं आणि पुन्हा झोप. हात काड्यांसारखे.

"रडते का?"

"आता नाही रडत. लई शांत झाली, अल्लाची मेहेरबानी," जैनब म्हणाली.

अक्काने सहाण मागितली. सहाणेवरचं जायफळ अर्धं झिजलेलं. एका पोराला एक जायफळ वर्षभर पुरतं.

"मी जायफळाचे किती वेढे उगाळायला सांगितले होते?"

"एक."

"मग?"

"एकच देते ना. रडली की एक. तुझ्या शब्दाबाहेर नाही गेले मी."

अक्का भिंतीला टेकून बसली. दिवसातून एकदाच, हे तिने सांगितलंच नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या घरांत म्हाताऱ्यांना ते माहीत असतं, असं ती धरून चालली. जैनबच्या घरात म्हातारी नव्हती.

गुंगीतली पोर ओढत नव्हती, ओढत नव्हती म्हणून दूध आटत होतं, आणि आई शतावरी खात होती.

सरदारने रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळाला काय दिलं? जैनब फरशीकडे बघू लागली. अक्का म्हणाली, "जायफळ. माझं."

डॉक्टरीणबाई बोलल्या. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, गुटीचं नाव नाही. अक्काने सगळं उभ्याने ऐकलं. मी बाक दाखवला, ती बसली नाही.

बाळाला ठेवून घेतलं. अक्का तीन दिवस तिथेच राहिली. दर दोन तासांनी बाळाला उठवायचं, पाय चोळायचे, छातीला लावायचं. नर्सने सांगितलं तसं. झोपली की पुन्हा चोळायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर आपणहून रडली, मोठ्याने. पाव तास ओढत होती. ओठाच्या कडेने दूध ओघळलं. महेकने डोळे पुसले.

"अक्का, तुझी शतावरी लागली," जैनब म्हणाली.

"शतावरी नाही. पोर ओढायला लागली."

घरी आल्यावर अक्का दोन दिवस अंथरुणात होती. मग गल्लीतली मंदाबाई नातवासाठी गुटीचं सामान मागायला आली.

"आता देत नाही."

"का गं? माझ्या तिन्ही पोरांना तूच दिलं होतं."

"दिलं होतं."

"म्हातारी झालीस तू."

"झाले."

मंदाबाई ओट्यावरून उतरली आणि सरळ किराणा दुकानाकडे वळली. जायफळ तिथेही मिळतं. अक्काने ते पाहिलं. चपला शोधल्या आणि तिच्या मागे निघाली. दुकान दोनशे पावलांवर आहे. वाटेत दोनदा थांबली.