पंगतीतून उठताना

आमच्या टीमच्या बसमध्ये शेवटच्या सीटखाली एक पोतं आहे. मॅच झाली की त्यात मोजे पडतात. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, जोडी म्हणून लागत नाही. किस्सेही असेच साठतात बघा. कुठल्या मॅचचा कुठला, ते विचारू नका. मी हात घालतो, लागेल तो काढतो. वासाची जबाबदारी माझी नाही!

मला सगळे तात्या म्हणतात. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. चाळीस वर्षं तालमीत पैलवानांची मालिश केली. आता सांगलीच्या बास्केटबॉल टीमच्या बॅगा सांभाळतो, पाणी देतो, चेंडूत हवा भरतो. पगारी टीम आहे, लीग खेळते. पोरं साडेसहा फुटी. त्यांच्याशी भांडायचं तर आधी बाकावर चढावं लागतं, म्हणून मी भांडत नाही. नुसत्या खोड्या काढतो.

गेल्या मोसमात लीग संपेपर्यंत चौघं सोडले तर सगळी टीम प्लॅस्टरमध्ये होती. शेवटच्या मॅचला पाच जण उभे करायचे म्हणून मालकांनी बसच्या ड्रायव्हरला बूट चढवायला लावले! म्हणून यंदा त्यांनी ट्रेनर मॅडम आणल्या. पोरांचे सांधे, झोप, जेवण, सगळं त्यांनी बघायचं. मॅडम खंडाळ्याच्या. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी.

मालक पहिल्याच दिवशी सगळ्यांपुढं म्हणाले, "मॅडम, यंदा एक जरी पोरगं प्लॅस्टरात गेलं, तर तुमची बॅग यष्टी ष्टँडावर!"

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "पण कुणाला खेळवायचं नाही, ते मी सांगणार."

"व्हय व्हय," मालक म्हणाले. मालकांचं 'व्हय' म्हणजे घाटातली मोबाईलची रेंज. आली आली म्हणेपर्यंत गेली!

* * *

पहिल्याच आठवड्यात मला मॅडमची परीक्षा घ्यायची खाज सुटली. आमचा कॅप्टन समीर, मिरजेचा, मुलखाचा नाटकी. त्याच्या धडधाकट पायाला मी झकास पट्टी बांधली आणि म्हटलं, "लंगडत जा. लय दुखतंय म्हन. बघू काय करतीया."

समीर गेला. "मॅडम, मेलो!"

मॅडमनी पट्टीला हातसुद्धा लावला नाही. "दारापर्यंत जाऊन परत ये."

तो गेला, आला.

"जाताना उजवा लंगडत होतास, येताना डावा. म्हणजे दोन्ही गेले. बस, दोन्ही पाय बर्फात!"

समीर दहा मिनिटं टबात पाय घालून आईच्या नावानं गळा काढत होता. मी दाराआड तोंडात टॉवेल कोंबून हसत होतो. मॅडम मागं न वळता म्हणाल्या, "तात्या, ही गाठ तालमीतली आहे. या, तुमचेही हात घाला."

* * *

महिन्याभरात समीरचा पाय खरंच मुरगळला. मॅडम त्या दिवशी घरी गेल्या होत्या. मी म्हटलं, आता दाखवतो तालमीची विद्या! तेल कढत केलं, पाय मांडीवर घेतला, चोळला, रगडला आणि शेवटी एक झटका दिला. समीरची किंकाळी कृष्णेच्या पलीकडं गेली असेल.

सकाळी बघतो तर घोट्याच्या जागी भोपळा!

मॅडम आल्या. मला वाटलं, आता आपली बॅग ष्टँडावर. पण त्या ओरडल्या नाहीत. माझ्यापुढं खुर्ची ठेवली, बर्फाची पिशवी हातात दिली. "धरा त्याच्या पायाला. वीस मिनिटं. तुम्हीच."

मी धरून बसलो. त्या शेजारी बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या. लिहिता लिहिता विचारलं, "तात्या, तालमीत असे किती पाय बसवलेत?"

"असतील शे-दीडशे!" मी छाती फुगवून म्हणालो.

"त्यातले किती जण परत कुस्ती खेळले?"

मी मोजायला लागलो. वीस मिनिटं संपली तरी मोजतच होतो.

* * *

त्या दिवसापासून बर्फ आणायचं काम माझ्याकडं आलं. रसवंतीवाला माझा दोस्त, त्याच्याकडून लादी आणायची, फोडायची आणि टबात टाकायची. आमचे कोच सर या बर्फावर फार चिडायचे. "आमच्या टायमाला आमी रक्त पुसून खेळायचो! ही पोरं काय आइस्क्रीम हायत व्हय?"

एका दुपारी ऊन असं होतं की कोर्टावर पापड भाजावा. कोच सर ओरडून ओरडून दमले. "तात्या, जरा गार सरबत करा. बर्फ दाबून घाला!"

लादी संपली होती. टबात मात्र चार खडे तरंगत होते. नुकतेच नऊ पाय त्यातून निघाले होते. नऊच, कारण दहाव्या पायाचा धनी म्हणाला, मला गुदगुल्या होतात.

मी ग्लास गारेगार करून नेऊन दिला. कोच सरांनी एका दमात ग्लास रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाले, "वा! आज मीठ बरोबर पडलंय!"

* * *

पाचगणीला सरावाचं शिबिर होतं. तिथं मॅडमनी आठ दिवस कुणाला चेंडू दिला नाही. नुसतं शिकवलं काय, तर उडी मारल्यावर खाली कसं यायचं! म्हणायच्या, "वर जाताना कुणाचा गुडघा जात नाही. खाली येताना जातो." बाकावरून उडी मारायची, गुडघे वाकवून उतरायचं आणि पायाचा आवाज आला की परत पहिल्यापासून.

कोच सर कपाळ बडवत होते. "मी खेळाडू मागितले, मॅडम. तुमी मांजरं तयार करताय!"

एके दिवशी धुकं एवढं पडलं की पोरं झोपायच्या हॉलमध्येच सराव करायला लागली. लॉज दुमजली, पोरं वरच्या मजल्यावर. मी आपला खाली, गाडीपाशी. जिने चढणं हे माझं काम नव्हे.

लॉजवाला माझ्याजवळ आला. "तात्या, टीम गेली का? गेल्या साली छताचा गिलावा पडंस्तवर धडाधडा चालायचं. आज चिटपाखरू न्हाई."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी खरं बोलणारा माणूस सुखानं जगतो का? मी म्हटलं, "फिरायला गेलीत वाटतं."

त्यानं बिचाऱ्यानं वरचा हॉल मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाला दाखवायला नेला. दार उघडलं. आत पंधरा राक्षस एका रांगेत खाटांवरून उडी मारत होते. धप नाही, खट नाही. उतरले की परत चढायचे. कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

ते कुटुंब चहासुद्धा न घेता महाबळेश्वरला गेलं!

* * *

मॅडमचा आणखी एक नियम होता. दुपारचं जेवण जमिनीवर, पंगतीत, मांडी घालून. आपलं ताट आपण उचलायचं. मालकांना हे फार आवडलं. त्यांनी फोटो काढून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, 'हीच आपली संस्कृती'.

पंगतीत वाढायचं काम मी पहिल्या दिवशीच मागून घेतलं होतं. पोरं म्हणायची, तात्या लय सेवाभावी! मी नाही म्हटलं नाही.

वाढता वाढता माझ्या लक्षात आलं, की मॅडम जेवणाकडं बघतच नाहीत. सगळ्यात शेवटी ताकभात वाढायला लावतात आणि मग नजर रोखून बसतात. पोरं कधी उठतात ते बघत!

कारण उठताना काय होतं? उजवा हात खरकटा. डाव्या हातात ताट. जमिनीला हात टेकायची सोय नाही. दिवसभर लपवलेलं दुखणं बरोबर त्या वेळी बाहेर पडतं! पोरं दुखणं सांगायची नाहीत, कारण सांगितलं की बाकावर बसावं लागायचं. पण ताट घेऊन उठणं कुणाला चुकलंय?

एकदा समीर उठताना शेजाऱ्याच्या खांद्यावर कोपर टेकून उठला. हात धुवायच्या आत मॅडम म्हणाल्या, "समीर, परत घोटा. उद्या कोर्टावर यायचं नाही."

"मॅडम, तुमाला कुनी सांगितलं?"

"तुझ्या ताटानं."

मी ही गंमत पोरांना सांगितली नाही. चांगली खोडी दुसऱ्याची असली तरी फोडू नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे.

* * *

यंदा आम्ही फायनलला पोचलो आणि एकही पोरगं प्लॅस्टरात नव्हतं. फायनल पुण्यात होती. निघायच्या आदल्या दिवशी बिरूनं मला गाठलं. बिरू जतकडचा, बाप वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. टीममधला सगळ्यात उंच, आणि बोलायला सगळ्यात कमी.

"तात्या, उजवा गुडघा फुगतोय. फायनलला मोठ्या टीमची मानसं बघाय येनार हायत. मॅडमला सांगू नगा. बिरोबाची आन हाय तुमाला!"

मी शब्द दिला. सांगणार नाही म्हणालो. आणि मग मला ते शे-दीडशे पैलवान आठवायला लागले. मोजणी काही पुरी होईना.

बसमध्ये मॅडम मालकांना म्हणाल्या, "बिरू बसमधून उलटा उतरतोय. मला तो गुडघा बघायचाय."

मालक भडकले. "पोरगं सोता म्हनतंय दुखत न्हाई! फायनल हाय, मॅडम. त्याला बसवलात आन आपुन हरलो, तर तुमची बॅग पुण्याच्या ष्टँडावर!"

म्हणजे बघा. खेळवला आणि गुडघा गेला, तरी बॅग ष्टँडावर. बसवला आणि हरलो, तरी ष्टँडावर!

मालकांनी दुपारचं जेवण हायवेवरच्या हॉटेलात सांगितलं होतं. टेबल, खुर्च्या, काटे-चमचे. मी ड्रायव्हरजवळ पुढं सरकलो. "गाडी वाईला घे. मालकांचा बेत बदललाय." मालक घोरत होते, त्यामुळं त्यांना विचारून त्रास दिला नाही. वाईत घाटाजवळ माझ्या मावसबहिणीचं घर. तिला मी सकाळीच फोन केला होता. पुरणपोळ्या. आणि अंगणात पंगत.

मी शब्द पाळला. मॅडमना एक अक्षर सांगितलं नाही!

बिरू दात आवळून बसला तर खरा. पोरं जेवली, उठली, हात धुऊन आली. बिरू बसलेलाच.

"बिरू, वाढू?"

"वाढा."

आठ झाल्या. नऊ झाल्या. मालक खूश. "खाऊ दे रं! उद्या एकटा चाळीस पॉइंट करंल!"

बाराव्या पोळीला बिरूच्या कपाळावर घाम आला. मॅडम तुपाचं भांडं घेऊन त्याच्यासमोर येऊन बसल्या. नुसतं तूप वाढत राहिल्या. पंधराव्या पोळीला मालकांचं हसू थांबलं. सतराव्या पोळीला बिरूनं मान खाली घातली.

"मॅडम, पोळी नगं. हात द्या."

तिघांनी मिळून त्याला उठवला. गुडघा नारळाएवढा झाला होता. मालकांनी तो बघितला, मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "मॅडम, ह्याला उद्या बसवा."

"बसलेलाच होता, मालक. उठवायचाच प्रश्न होता."

फायनल आम्ही दोन पॉइंटनी हरलो. मोठ्या टीमची माणसं आली होती. मॅडम बिरूला घेऊन त्यांच्यापुढं गेल्या आणि गुडघ्याला काय झालंय, किती महिन्यांत बरा होईल, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्यातला एक पांढऱ्या केसांचा म्हणाला, "लपवलेले गुडघे आम्ही फार घेतले, मॅडम. सांगून दाखवलेला पहिल्यांदाच बघतोय. चार महिन्यांनी पाठवा याला."

परतताना मॅडमची बॅग मालकांनी स्वतः उचलली. ड्रायव्हरनं विचारलं, "मालक, ष्टँडावर घेऊ का?"

"गप रं," मालक म्हणाले. "सांगलीला!"

* * *

चार महिन्यांनी बिरूची निवड झाली. त्याला निरोप द्यायला सांगलीत पंगत घातली. पुन्हा पुरणपोळ्या. बिरू सात पोळ्या खाऊन ताट घेऊन असा सरळ उठला, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाढतच होतो.

सगळे उठले. मॅडमनी पदर खोचला. "तात्या, सगळे जेवले. आता तुम्ही बसा. मी वाढते."

"मला भूक न्हाई, मॅडम."

बिरूनं माझ्या हातातलं पोळ्यांचं ताट काढून घेतलं. समीरनं चटई अंथरली. "आवं तात्या, वर्सभर सेवा केलीसा. बसा की!" मालक म्हणाले, "बसा तात्या, आपली संस्कृती हाय!" पंधराच्या पंधरा पोरं हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी राहिली.

मी बसलो. बिरूनं पहिली पोळी वाढली. छान होती. दुसरीही छान होती. आठवीपर्यंत चव कळत होती.

सोळावी खाताना मी हळूच वर बघितलं. मॅडम समोर बसल्या होत्या, मांडीवर तुपाचं भांडं घेऊन.

"तात्या, अजून एक?"

म्हटलं, "वाढा."