लानच्या भावाचा सिनेमा

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लान माझ्यासोबत नर्स होती. तिच्या भावाने चीनमध्ये, पैशांसाठी रक्त विकताना दूषित सुयांमुळे एड्स झालेल्या गावकऱ्यांवर चोरून माहितीपट काढला होता. २००४ साली त्याने टेप तिच्याकडे पाठवली. आम्ही दोघींनी सबटायटल्स लिहिली आणि युनिव्हर्सिटीतल्या एका हॉलमध्ये ती फिल्म दाखवली. मोजकीच माणसं आली, त्यातलीही काही मध्येच उठून गेली.

पण बातमी तिकडे पोचली आणि भावाला अटक झाली. लान ड्यूटीवर येत राहिली.

काही वर्षांनी तो सुटला. त्याचा फोन आला तेव्हा मी तिच्या घरीच होते.

फोन ठेवून ती म्हणाली, “द्रौपदी, त्याने एवढंच विचारलं, लोक आले होते का?”

“मग?”

“हॉल भरला होता म्हणून सांगितलं. तो हसला, आणि मग नुसता खोकतच राहिला.”