मधल्या दिवसांची पिशवी

“काका, बाबा गेले,” सॅम्युएलभाऊंच्या लेआचा ठाण्याहून फोन आला तेव्हा मी तिच्याकडे आजारी असलेल्या भाऊंना भेटायला जायची बस बघत होतो. त्याला आता सहा आठवडे झाले. परवा पुन्हा तिचा फोन, तिच्या भावासाठी. “एझराने बाबांसारखी रोजची प्रार्थना सुरू केलीय. विचारतोय, सणाच्या मधल्या दिवसांत बाबा तेफिलीन बांधायचे का? तुम्हाला माहीत असेल ना?” माहीत तर मलाच आहे, आणि तीच पंचाईत आहे.

अंबडच्या कोर्टात आमची टेबलं शेजारी. ते टंकलेखक, मी कारकून. गावात ज्यू घर त्यांचं एकच. रोज सकाळी ते तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या दोन लहान डब्या, काळ्या चामडी पट्ट्यांनी एक डाव्या दंडावर, एक कपाळावर बांधून प्रार्थना करत. शनिवारी आणि मोठ्या सणाला नाही. बिनखमीर भाकरीच्या सणाचे पहिले-शेवटचे दिवस न बांधण्याचे ठरलेले होते, घोळ मधल्या दिवसांचा. त्यांचे वडील तेव्हाही बांधायचे. रिबेकावहिनींच्या माहेरी ते पाप समजत. लग्नात भाऊंनी वहिनींना शब्द दिला, बांधणार नाही... आणि मधल्या दिवसांत सकाळी माझ्याकडे येऊ लागले. वडिलांचा जुना संच निळ्या मखमली पिशवीत, माझ्या आतल्या खोलीत, खुंटीवर. प्रार्थना झाली की चहा, आणि हातावरचे वळ जाईपर्यंत बसून राहायचं.

“वहिनींना सांगून टाका की,” एकदा मी चिडलोच.

“बिलकुल न्हाई. तिला कशाला दुखवू? अन् बापाला तरी कसं सोडू?”

मला ही लबाडी पटत नव्हती. तरी दार मीच लोटून घ्यायचो.

मग वहिनी गेल्या. वाटलं, आता भाऊ आपल्या घरी खुशाल बांधतील. पण सण आला तसे हे माझ्याच दारात हजर. पिशवी मांडीवर घेतली, उघडलीच नाही.

“आता कोण बघतंय?”

“कोणी न्हाई, म्हणून तं. ती होती तव्हा फसवलं. आता न्हाई जमत.”

पुढे दरवर्षी तसंच. एझराला काय सांगू? ‘हो’ म्हणावं तर भाऊंनी मोडलेला शब्द लेकरांपुढे उघडा पडतो, ‘नाही’ म्हणावं तर पिशवीचं काय? हा गुंता माझ्या गळ्यात घालून गेले म्हणून भाऊंचा रागही येतो.

आज मधला पहिला दिवस. सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला, आतल्या खोलीचं दार लोटलं आणि बाहेर बसून राहिलो. चहा निवला. मग एझराला फोन लावला.

“बाबा या दिवसांत माझ्याकडं यायचे,” मी म्हणालो. “तू ये. त्यांची पिशवी हाय. उघडायची का न्हाई, ते तू बघ. मी बाहेर बसतो.”