हुबर्टचं धुराडं आणि ट्रूडाची खिडकी

आमच्या गल्लीत हिवाळा आला हे थंडीवरून नाही, ट्रूडाच्या खिडक्यांवरून कळायचं. ऑक्टोबर सरत आला की ती सगळ्या फटींत ओले टॉवेल कोंबायची आणि ते पार एप्रिलपर्यंत तसेच. मी समोर राहते, खालच्या मजल्यावर माझं केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे गल्लीतलं सगळं माझ्या आरशात दिसतं. हुबर्टचं धुराडंही दिसायचं. त्यातून निघणारा धूर वर जायचाच नाही. पिवळट, जड, सरळ ट्रूडाच्या अंगणात उतरायचा आणि तिथेच बसून राहायचा.

हुबर्ट तिचा शेजारी, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. बायको गेल्यापासून कबुतरं पाळायची आणि घर तापवायला तळघरातला बॉयलर पेटवायचा, एवढेच दोन उद्योग. चांगला कोळसा तो पाहुण्यांसाठी ठेवल्यासारखा कोपऱ्यात रचून ठेवायचा आणि जाळायचा मात्र खाणीतला कोळशाचा ओला गाळ. वर जुन्या कपाटाच्या फळ्या, रंगासकट. एकदा तर बूट जाळले होते पठ्ठ्यानं. दिवसभर माझ्या दुकानात रबराचा वास होता आणि एक बाई अर्धे केस कापून उठून गेली.

पण माझं काय, मी शिव्या घालून मोकळी होत होते. ट्रूडाचा नवरा एवाल्ड त्या धुरात पडून होता. तोही खाणीतलाच, छातीत दगडाची धूळ साचलेली. डॉक्टरनी सांगितलं होतं, हा हिवाळा नीट काढा, वसंतात डोंगरातल्या आरोग्यधामात जागा मिळेल. हिवाळा काढायचा, बस. ऑक्सिजनचं यंत्र पलंगाशी चोवीस तास घरघरत असायचं. पण ते यंत्र हवा घेणार कुठून? खोलीतलीच. रोज संध्याकाळी ट्रूडा त्याचा हवा गाळायचा स्पंज धुवायची आणि मोरीत काळं पाणी जायचं. वारा ज्या बाजूनं असेल त्याच्या उलट बाजूच्या खोलीत ती पलंग ढकलत न्यायची. एकटी. तिच्या कमरेचं काय झालं असेल ते तिलाच माहीत.

"अगं, नगरपालिकेला फोन कर," मी म्हणायचे. "माणसं येतात, राख तपासतात, दंड ठोकतात. सरळ होईल म्हातारा."

"एवाल्ड करू देत नाही."

"त्याला कशाला विचारतेस?"

"त्याला कळलं तर तो धुरानं नाही, शरमेनं मरेल."

हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. खाणीतून वर आलं की सगळे एका न्हाणीघरात अंघोळ करतात, आणि स्वतःची पाठ काही स्वतःला घासता येत नाही. मग प्रत्येकाची एक जोडी ठरलेली. एवाल्डची पाठ हुबर्ट घासायचा आणि हुबर्टची एवाल्ड. सगळं आयुष्य असं गेलं. ज्यानं आपली पाठ घासली त्याच्यावर तक्रार करायची? आमच्याकडे असल्या माणसाला बेकरीच्या रांगेतही कुणी पुढे सरकू देत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

ट्रूडानं हुबर्टला तोंडावर सांगून पाहिलं, कुंपणावरून, दर आठवड्याला. पालथ्या घड्यावर पाणी. "ट्रूडा, धुरानं कोण मेलंय गं? आपले बाप याच धुरात नव्वदीला पोचले," हे त्याचं ठरलेलं उत्तर. ती घरात परत यायची. भांडायलाही अंगात जोर लागतो.

रविवारी चर्चमधून आला की हुबर्ट पत्ते घेऊन एवाल्डकडे यायचा. जेवणही तिथेच. बटाट्याचे उकडलेले डंपलिंग, मांसाचे रोल आणि लाल कोबी, आमच्याकडे रविवारी दुसरं काही शिजतच नाही. अशाच एका रविवारी मी केक द्यायला गेले होते. बॉयलर भरून आलेला हुबर्ट पलंगाशी बसून पत्ते पिसत होता.

"एवाल्ड, खरं सांग," तो म्हणाला. "ही तुझी बायको म्हणते, माझा धूर तुला लागतो."

एवाल्डचा चेहरा लाल झाला. खोकला घशाशी आलेला मला दिसत होता. तो त्यानं गिळला, अक्षरशः गिळला.

"कसला धूर?" तो म्हणाला. "पान टाक."

"ऐकलंस ट्रूडा?" हुबर्ट हसला. "तुम्हा बायकांची नाकं फार मोठी."

ट्रूडानं हातातली रश्श्याची वाटी टेबलावर आपटली. हुबर्ट गेल्यावर एवाल्ड अंधार पडेपर्यंत खोकत होता आणि ती त्याची पाठ धरून बसली होती. "सांगायचं होतंस की रे," ती म्हणत होती, "एकदा सांगायचं होतंस." त्यानं फक्त हात हलवला. मला तर दोघा बाप्यांना एकाच कोळशाच्या पोत्यात घालून बदडावंसं वाटत होतं. इथले पुरुष मरतील, पण जोडीदारासमोर दम लागला असं म्हणणार नाहीत.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. वारा ठप्प. धूर गल्लीत तुंबला. एका दुपारी ट्रूडानं माझ्या दुकानाच्या खिडकीवर टकटक करून मला बोलावलं. मी हातातली कात्री घेऊनच धावले. एवाल्ड गेला होता. यंत्र अजून घरघरत होतं. ते मी बंद केलं.

रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरसा झाकला. मग मी म्हणाले, "ट्रूडा, खिडकी उघड. त्याला जाऊ दे."

माणूस गेला की आत्म्याला वाट द्यायची, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. ट्रूडानं फटीतले टॉवेल काढले, कडीवर हात ठेवला आणि थांबली. काचेबाहेर सगळं पिवळं होतं. पलीकडचं कुंपणही दिसत नव्हतं.

"ह्यात सोडू त्याला?" ती म्हणाली.

ती तशीच सपाता घालून बर्फात बाहेर पडली, मी मागे. हुबर्ट अंगणात कबुतरांना दाणे टाकत होता.

"एवाल्ड गेला," ट्रूडा म्हणाली. "मला खिडकी उघडायची आहे. तुझा बॉयलर विझव."

हुबर्टच्या हातातलं भांडं खाली पडलं. तो तळघरात उतरला. आतून फावड्याचा खरखराट ऐकू आला. मग तो लोखंडी बादली घेऊन वर आला, निखाऱ्यांनी भरलेली, आणि त्यानं ती बर्फावर ओतली. मोठा फुस्स आवाज झाला. दुसरी बादली आणली, तीही ओतली. मग टोपी काढून उभा राहिला.

"तो तर म्हणायचा, त्रास नाही," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर म्हणाला. ट्रूडा, तूही ऐकलंस ना?"

"तो तुझी लाज राखत होता," ट्रूडा म्हणाली. "खरं मी सांगत होते."

हुबर्ट तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

धूर हळूहळू विरळ झाला. आधी कुंपण दिसलं, मग माझ्या दुकानाची पाटी. ट्रूडा बर्फावर काळ्या पडत चाललेल्या त्या निखाऱ्यांकडे बघत उभी होती. तिच्या सपाता भिजल्या होत्या. मी तिचा दंड धरला, म्हटलं, चल, आता उघडू खिडकी.

"दोन बादल्या," ती म्हणाली. "एवढंच होतं?"