सुमनताईंनी दारं पाहिली

आज सकाळी अकोल्यात घर पाहायला गेलो. पूर्वेला दार, ईशान्येला देवघर. माझे हात आपोआप जोडले गेले. आयुष्यभराची पुंजी तिथेच लावायचं मनात पक्कं केलं.

सोबत आमच्या गावच्या सुमनताई होत्या. त्यांचा जन्म बांधकामावरच्या मजुरीत गेला. त्यांनी प्रत्येक दार उघडून-लावून पाहिलं. तीन दारं खालून तासलेली होती.

"भाऊ, दारं काहून तासली असतील?"

"पावसानं फुगली असतील," मी म्हणालो.

"अन् लोखंडी चौकट तिरपी झाली, तेही पावसानं? काळी माती फुगून-आकसून घर हलवून राहिली. पाया वरवरचा हाये. तुमी रंगच पाहा."



ताई शाळेत गेलेल्या नाहीत, पण ही नजर मला कुठल्याच शाळेत मिळाली नाही. तुम्ही घर पाहताना कोणाला सोबत नेता?

दुपारी घरमालकांना फोन करून नम्रपणे नाही सांगितलं.